रोह्याहून पेणला गेलेली डबी

रोह्याच्या एका तपासणी केंद्राने मला फसवलं, पेणच्या लॅबने ती फसवणूक छापून दिली आणि पेणच्याच एका डॉक्टरने ती वाचून माझ्या बायकोसमोर मला सांगितलं की तुमच्याकडून मूल होणार नाही. तिघांच्याही भिंतीवर परवाने लावलेले आहेत. तिघेही माझ्याशी गोड बोलतात. मी गेलो की खुर्ची पुढे करतात आणि मी बसत नाही.

बसणं मला जमतच नाही. हे लिहितानाही मी गोदामात फेऱ्या मारतो आहे. मधूनच टेबलाशी येतो, चार ओळी लिहितो, पुन्हा उठतो.

माझा धंदा गणपतीच्या मूर्तींचा. गाव निडी. घरचा भात आणि वाल, त्यात भागण्यासारखं काही नव्हतं. शाळा सुटल्यावर मी स्टेशनाबाहेर वालाच्या शेंगा विकायचो, पुढे दुसऱ्याच्या टेम्पोत पेणजवळच्या हमरापूरच्या मूर्ती भरायला लागलो, मग टेम्पो माझा झाला. आता रोह्याला लागून वरसे गाव आहे, तिथे वरशात गोदाम आहे. होळी झाली की हमरापूरच्या कारखान्यांतून कच्चा माल उचलायचा, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती, आणि इथे रंगवून पार खाली महाडपर्यंत विकायच्या. तिकडच्या कारखानदारांना मी आलो की आधी हसू येतं आणि मग ते भाव चढवून सांगतात, कारण मी तो पाडून मागणार हे त्यांना ठाऊक असतं. माझे सासरे त्यांच्यातलेच. पहिल्या मालावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण मिटवायला त्यांची मुलगी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हा माणूस ओरडतो, पण मूर्ती उचलताना हात खाली धरतो." तीच माझी बायको. गोदामात मूर्तींची आखणी तीच करते, म्हणजे डोळे काढते. बाकी रंग कोणीही देईल, डोळ्यांना तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण हमरापूरपासून रोह्यापर्यंत सगळे पाळतात. टेम्पो गोदामाला लागला की ड्रायव्हरला जाऊ द्यायचं नाही. त्याच्यासमोर पेंढा काढायचा आणि एकेक मूर्ती उजेडात फिरवून बघायची. बोट गेलेलं असेल, सोंड चिरली असेल, मुकुटाचं टोक उडालं असेल, तर तिथल्या तिथे मालासोबतच्या चलनाच्या कागदामागे लिहायचं की माल असा आला. मग ठरवायचं की फूट कुणाची. फुटलेली जागा पांढरीशुभ्र असेल तर रस्त्यातली, म्हणजे टेम्पोवाल्याची. सांध्यावर चिकटवल्याची रेघ दिसली तर कारखान्यातली, म्हणजे बनवणाऱ्याची. आणि न बघता ड्रायव्हरला जाऊ दिलं तर घेणाऱ्याची. घेणाऱ्याने गप्प बसून माल आत घ्यायचा आणि नंतर बनवणाऱ्याला फोन करून सांगायचं की तुझी मूर्तीच कमजोर होती, हे आमच्याकडे चालत नाही. असं करणाऱ्याला पुढच्या वर्षी हमरापुरात कोणी पाणीही विचारत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. तपासण्या बायकोच्या चालल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या उघड्या आहेत का ते बघायला औषध सोडून फोटो काढला. त्या दिवशी ती पोट धरून घरी आली आणि संध्याकाळी आखणीला बसली. सगळं ठीक निघालं. तेव्हा पेणचा तो डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुमची एक तपासणी करू. वीर्याची."

"माझी कशाला? मी ठणठणीत आहे."

"ते बाहेरून," डॉक्टर म्हणाला.

बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणून मी पुढे बोललो नाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणालो, "पेणला मी ही तपासणी देणार नाय. इथल्या लॅबच्या बाकावर बसलो तर संध्याकाळपर्यंत तुझ्या बापाच्या कारखान्यात बातमी जाईल. सगळे मिळून माझा भाव पाडतील."

"तुमचा भाव कोन पाडतो? तुमीच सगल्यांचा पाडता," ती म्हणाली. "रोह्याला द्या. मुतारीवर नाव लिहीत नायत तसं याच्यावर पन लिहीत नसतील."

नाव लिहितात. पण रोह्यात मला ओळखणारे लोक मला भाव विचारायला येतात, सोयरीक सांगायला नाही. म्हणून रोह्याच्या त्या केंद्रात गेलो. एक गाळा, एक काउंटर, मागे पेणच्या लॅबची पाटी. काउंटरवरच्या बाईने आवाज खाली करून सांगितलं की दोन-तीन दिवस बायकोपासून लांब राहा आणि सकाळी यात आणून द्या. पांढऱ्या झाकणाची डबी दिली. आणखी काही सांगितलं नाही.

तिने सांगितलं तसं मी केलं. डबी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरशातून मोटरसायकलने थेट केंद्रात नेली. डबी अजून अंगाच्या उबेची होती. काउंटरवर लघवीच्या बाटल्यांचा ट्रे होता, त्यात तिने ती ठेवली. वर पंखा गरगर फिरत होता.

"पेणला जाईल ना?" मी विचारलं.

"हो तर. आजच जाईल."

तिने 'आत्ता' म्हटलं नव्हतं, 'आजच' म्हटलं होतं. दुसरा कुठला माल असता तर या दोन शब्दांवर मी तासभर भांडलो असतो. पण ती डबी काउंटरवर ठेवल्यावर मला तिथून पळायचं होतं.

रिपोर्ट फोनवर आला. इंग्रजीत. मला त्यातला शून्य तेवढा कळला. आम्ही दोघं पेणला गेलो. डॉक्टरने कागद जेवढा वेळ बघितला, तेवढ्यात मी मूर्तीचा एक कानही बघत नाही. म्हणाला, "संख्या आहे, पण हालचाल शून्य. एकही चालत नाही. अशा केसमध्ये तुमच्याकडून मूल होणार नाही. दुसऱ्याचं वीर्य वापरून करता येईल. नाहीतर दत्तक घ्या. विचार करा."

मी उभा राहिलो. बायको बसून राहिली. ती म्हणाली, "अजून एकदा तपासायचं काय?"

"करा हवं तर," तो म्हणाला. "पण शून्य म्हणजे शून्य."

परत येताना नागोठण्याला मी चहासाठी गाडी थांबवली आणि चहा न घेताच पुढे निघालो. घरी पोचलो तर आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिने बायकोकडे बघून विचारलं, "काय गो, काय बोलला डॉक्टर? परत तुझंच काय तरी?"

माझं डोकं फिरलं. "तिचं काय नाय," मी ओरडलो. "माझं हाय. माझं! कान उघडे ठेवून ऐक आणि परत तिला बोलू नको."

शेजारची बाई दळण घेऊन चालली होती, ती थांबली. आईने हातातली शेंग सुपात टाकली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग होता.

"तुझं? कोन बोलला? तुझ्या आज्याला नऊ पोरं झाली. निडीच्या घरात असं नसतं. ती लॅब खोटी हाय."

"लॅब मशीनवर बघते, आई. तुला काय कलतं?"

"मला कलतं. खोटी हाय."

मी तिला गप्प केलं. आज हे लिहिताना सर्वांत जास्त राग मला याचा येतो, की या सगळ्या शहाण्यांमध्ये बरोबर बोलली ती एकटी आई, आणि ती बोलली ते आज्याच्या नऊ पोरांच्या जोरावर. त्या हिशेबाला काही अर्थ नाही. आज्याला नऊ झाली म्हणून नातवाला एक होतंच असं नसतं, हे आता मला नीट समजलं आहे. पण ज्यांना हिशेब येतो त्यांनी तो केला नाही, आणि तिचा चुकीचा हिशेब खरा निघाला.

त्यानंतर दोन गणपती गेले. या दोन वर्षांत मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. वरशापासून नदीपर्यंत आणि परत, असा चालायचो. हमरापूरला गेलो की कारखानदार भाव सांगायचा आणि मी 'ठीक आहे' म्हणून टाकायचो. पहिल्यांदा एकजण घाबरला. म्हणाला, "शेठ, बरं नाय काय? जास्त सांगितलाय मी, तुमी पाडाल म्हनून." दुसऱ्याने तर सासऱ्यांना फोन करून माझी तब्येत विचारली. घरी माझा आवाज चढायचा तो भलत्याच गोष्टीवर, कधी पाण्याच्या मोटरवर, कधी मांजरावर. बायकोशी भांडायचो नाही. तिला तेच जास्त लागत असावं.

एकदा दुपारी तिनेच विषय काढला. हातात बारीक ब्रश होता, समोर डोळे नसलेली रांग.

"त्या डॉक्टरनं सांगितलं ते करूया."

"काय?"

"दुसऱ्याचं घेऊन. माझं वय थांबत नाय. पस्तिशी झाली."

"दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?"

"ते सांगत नायत."

"म्हणजे माल कुठला ते पण सांगणार नायत, आणि आपण घरात घ्यायचा?"

ती हसली. मला वाटलं ती रडेल, पण हसली. म्हणाली, "अवो, तुमी पन गनपती विकता. लोक विचारतात काय, माती कुठली, साचा कोनाचा? ज्याच्या पाटावर बसला त्याचा होतो तो. तुमी पाट मांडा, बाकीचं मी बघते."

मी बाहेर गेलो, गोदामाला दोन चकरा मारल्या, परत आत आलो, पुन्हा बाहेर गेलो. तिचं बोलणं पटत होतं. पण आतून कोणीतरी सतत म्हणत होतं की सौदा पुरा होण्याआधी माल एकदा उजेडात बघून घे. तो आवाज धंद्याचा होता, की नुसता पुरुषाचा अहंकार होता, ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पुढच्या महिन्यात पेणला जाऊन सही करायची ठरलं.

सहीसाठी त्या जुन्या डॉक्टरकडे जायला बायको तयार नव्हती. "तो तुमच्याकडं बघून बोलत नाय," ती म्हणाली. तिच्या मावशीने पेणला नवीन आलेल्या एका डॉक्टरीण बाईंचं नाव सुचवलं. त्यांच्यासमोर फाइल ठेवली. बायकोचे सगळे कागद त्यांनी सावकाश वाचले. मग माझा कागद हातात घेतला, तो उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"दुसरा रिपोर्ट कुठे आहे?"

"एकच केला," मी म्हणालो.

"एकाच रिपोर्टवर तुम्हाला दुसऱ्याचं घ्यायला सांगितलं?" त्यांचा आवाज बदलला. "हे सॅम्पल कुठे दिलं होतं तुम्ही? लॅबमध्येच?"

"नाही. रोह्याला केंद्रात."

"मग पेणला कधी आलं? कसं आलं?"

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही कोणाला विचारला नव्हता. ज्या रस्त्यावर मी मूर्तीच्या एका बोटासाठी ड्रायव्हरला उन्हात उभा करतो, त्याच रस्त्याने ती डबी गेली होती, आणि ती कशी गेली ते कोणाला माहीत नव्हतं.

डॉक्टरीण बाईंनी मग सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. वीर्य म्हणजे रक्त-लघवीसारखं नाही. त्यातले जंतू जिवंत असतात आणि त्यांचं चालणं हेच बघायचं असतं. म्हणून डबी अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत लॅबच्या दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, गेली पाहिजे. जितका उशीर, तितके ते थकतात, मरतात. थंड केले तर गारठून थांबतात. शून्य हालचाल आली तर ते मेलेले आहेत की जिवंत असून थांबलेले, हे बघायची वेगळी तपासणी असते, ती करायला हवी होती. आणि काहीही आलं तरी काही आठवड्यांनी परत बघायचं, कारण नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मध्ये ताप येऊन गेला तरी रिपोर्ट पडतो. "एका कागदावर मी कोणाला नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी रोह्याच्या त्या केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. लोक येत होते, रक्त देत होते, बाटल्या देत होते. सगळं त्याच ट्रेमध्ये, त्याच पंख्याखाली. दुपारी जेवणं झाल्यावर मोटरसायकलवर एक माणूस आला. मागे चौकोनी पेटी बांधलेली. त्याने ट्रे आतून आणला, पेटी उघडली आणि सगळं आत रचलं. पेटीतून वाफ निघावी तसा गारवा निघाला.

मी जवळ गेलो. "भाऊ, यात काय काय असतं?"

"सगलंच, शेठ. रक्त, लघवी, थुंकी."

"आणि ती पांढऱ्या झाकणाची डबी?"

तो हसला. "ती पन असते कवा कवा."

"बर्फात?"

"बर्फ पायजेच की. नायतर खराब होतंय."

"आणि थेट पेण?"

"थेट कसं? नागोठण्याचं घ्यायचं, मधी दोन दवाखाने. पेणला पोचायला दिवे लागायला येतात."

त्याच्यावर मी ओरडलो नाही. माझ्या टेम्पोवाल्यासारखाच तो. त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं की त्या पेटीत एक माल असा आहे जो बर्फाने फुटतो. मला त्या पेटीत माझी डबी दिसत होती, सकाळच्या उबेची, दुपारपर्यंत पंख्याखाली, संध्याकाळपर्यंत बर्फात. मी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला तो इतक्या जोरात, की टपरीवाला म्हणाला, "शेठ, ग्लासनं काय केलं?"

आता पेणलाच तपासायचं ठरलं, डॉक्टरीण बाईंच्या दवाखान्याशेजारच्या लॅबमध्ये. ही लॅब दुसरी. बाकावर बसलो नाही, अर्थात. उभा होतो, तेवढ्यात सासऱ्यांच्या शेजारचा कारखानदार आत आला. ज्यांच्या भीतीने मी दोन वर्षांपूर्वी रोह्याला पळालो होतो, नेमका त्यांच्यातलाच एक.

"अरे, जावईबापू! इकडं कुठं? साखर तपासायला?"

"वीर्य तपासायला," मी म्हणालो. सगळा बाक ऐकेल असं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागलो. थोड्या वेळाने तो माझ्या अगदी बाजूला येऊन उभा राहिला आणि समोर बघतच पुटपुटला, "माझ्या पोराचं पन करायचं हाय. सून माहेरी जाऊन बसलीय. कुठं देतात?"

"इथंच द्यायची. घरून आनायची नाय. आणि रोह्याला तर मेलास तरी देऊ नको."

डबी भरायची खोली म्हणजे तिथला संडास. नळ ठिबकत होता, दाराची कडी नीट बसत नव्हती. मी पायाने दार धरलं होतं. बाहेरून कोणीतरी थापा मारायला लागलं. "किती वेळ हो? मला लघवी द्यायचीय!"

"तुझी लघवी थांबली तर मरत नाय," मी आतून ओरडलो. "माझं मरतं!"

बाहेर हशा पिकला. त्यात माझ्या कारखानदाराचा आवाज सगळ्यात मोठा होता.

डबी मी स्वतःच्या हाताने टेक्निशियनच्या हातात दिली आणि म्हणालो, "वेळ लिहा." तिने लिहिली. अर्ध्या तासाने तिने मला आत बोलावलं. म्हणाली, "बघायचंय?" मी दुर्बिणीला डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग काही ठिपके, मग ते हलले. काही जागच्या जागी गोल फिरत होते, काही आपटून मागे येत होते, काही सरळ कुठेतरी निघाले होते. पुष्कळ पडून होते, खोटं कशाला सांगू. पण जे चालत होते त्यांच्यात क्षणभर थांबणारा एकही नव्हता. मी बराच वेळ बघत राहिलो. तिला सांगावं लागलं, "काका, दुसऱ्यांचं पण बघायचंय."

रिपोर्ट चांगला नव्हता. चालणारे पाहिजेत त्याहून कमी होते, संख्याही थोडी कमी होती. डॉक्टरीण बाईंनी मला तपासलं, तंबाखू सोडायला सांगितली, महिनाभराने पुन्हा डबी घेतली, तेव्हा थोडे वाढले होते. "यांच्याकडून होऊ शकतं," त्या बायकोला म्हणाल्या. "उपचार लागतील. पण दुसऱ्याचं घ्यायची आज तरी गरज नाही."

मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं आता तरी ती माझ्याकडे बघून हसेल. ती म्हणाली, "माझं परत तपासा."

तिचं रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. दोन वर्षांपूर्वीचा कागद शेजारी ठेवून डॉक्टरीण बाईंनी दोन्ही वाचले. तिच्या अंगातली बीजं कमी झाली होती. बाईच्या अंगातली पुन्हा होत नाहीत, जातात ती जातातच. तेव्हा सहज जमलं असतं, आता घाई करायला हवी, आणि घाई करूनही खात्री नाही. त्या हळू बोलत होत्या. बायको मान हलवत होती, जसं काही भाव ऐकत होती.

गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "आईंना सांगा, लॅब खोटी निघाली. त्यांना बरं वाटंल."

"आणि तुला?"

"मला कोन सांगनार?"

म्हणून मी गेलो. आधी रोह्याच्या केंद्रात. काउंटरची बाई आता दुसरी आहे. मालक म्हणाला, "आम्ही फक्त गोळा करतो, साहेब. तपासणी पेणची." मग पेणच्या त्या लॅबमध्ये. तिथला व्यवस्थापक म्हणाला, "आमच्या टेबलावर जे आलं ते आम्ही बरोबर तपासलं. त्यात चालणारे नव्हते. रिपोर्ट चुकीचा नाही." मग त्या डॉक्टरकडे. तो म्हणाला, "मी रिपोर्ट बघून सांगतो. रिपोर्ट कसा आला हे मी कसं बघणार?" आणि वर म्हणाला, "पुन्हा तपासा असं मी म्हणालो होतो." खरं आहे, 'करा हवं तर' म्हणाला होता. आणि पुढच्याच वाक्यात शून्य म्हणजे शून्य, असंही म्हणाला होता.

लॅबच्या व्यवस्थापकाने मला चहा मागवला आणि म्हणाला, "तुमची नाराजी समजते. पुढची तपासणी आमच्याकडून फुकट करून देतो." फुकट मिळालेलं मी आयुष्यात नाकारलेलं नाही. त्या दिवशी नाकारलं. मी त्याला सांगितलं, मला तपासणी नको. तुमचा जुना कागद घ्या आणि त्याच्यावर एक ओळ लिहा, की हा माल दिवसभराने, बर्फातून आला होता, म्हणून याच्यावरून या माणसाबद्दल काही सांगता येत नाही. खाली सही करा. तो म्हणाला, असं करायची पद्धत नाही.

पद्धत आहे. आमच्याकडे आहे. हमरापूरच्या अंगठा लावणाऱ्या कारखानदाराकडे आहे, माझ्या टेम्पोवाल्याकडे आहे. माल आत घेण्याआधी बघायचं तो कसा आलाय, आणि तसं लिहायचं. तुम्हा लॅबवाल्यांकडे डबी आली तेव्हा ती गार होती. कोणाच्या तरी हाताला ते लागलं असेल. त्या हाताने ती बाजूला ठेवून एक फोन केला असता, की हे चालणार नाही, माणसाला इथे पाठवा, तर मी शिव्या देत का होईना आलो असतो. त्या हाताने ती आत घेतली आणि दोष बनवणाऱ्याच्या नावावर लिहिला.

मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे. कागद घेऊन. रोह्याच्या मालकाला, पेणच्या व्यवस्थापकाला आणि त्या डॉक्टरला एका टेबलाशी बसवणार आहे, मी उभा राहणार आहे, आणि बायको समोर असणार आहे. माझं काय गेलं ते मी विचारणार नाही. माझं परत चालू झालंय. तिची जी दोन वर्षं तुमच्या पेटीत गेली, जी आता कुठल्याही उपचाराने परत येत नाहीत, ती फूट कुणाची? तुम्हा तिघांपैकी एकाने माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघून सांगायचं. सांगेपर्यंत तुमच्या ड्रायव्हरला मी जाऊ देणार नाही.